कागद नसलेल्यांचे पूर्वज

आपल्या घराण्याचा इतिहास शोधण्याची हौस महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गात अलीकडे चांगलीच वाढीस लागली आहे. कुलवृत्तांतांच्या सुधारित आवृत्त्या निघतात, कुलसंमेलने भरतात, मूळ गावच्या ग्रामदैवताच्या दर्शनाला बसगाड्या भरून मंडळी जातात. परदेशी स्थायिक झालेला नातू त्र्यंबकेश्वरी येऊन तीर्थोपाध्यायाच्या वहीत पणजोबांची मोडी सही पाहतो आणि सद्गदित होतो. ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांच्यासाठी लाळेच्या नमुन्यावरून शेकडो पिढ्यांपूर्वीचे पूर्वज टक्केवारीत सांगणाऱ्या कंपन्या आहेतच. या हौसेत वाईट असे काही नाही. आपण कोठून आलो हे जाणण्याची इच्छा माणसाला स्वाभाविक आहे आणि तिची टिंगल करणे हा काही पुरोगामित्वाचा पुरावा नव्हे.

परंतु या हौसेला लागणारा कच्चा माल कोणता, तो कोणी व कशासाठी निर्माण केला आणि तो कोणाच्या घरी साठला, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. ते ज्यांना पडत नाहीत त्यांची अशी समजूत असते की, पूर्वजांच्या बाबतीत सगळे सारखेच. शोधणाऱ्याची चिकाटी तेवढी कमीअधिक. ही समजूत खोटी आहे. पूर्वज सर्वांनाच असतात. कागदावरचे पूर्वज मात्र मालमत्तेच्या मागोमाग येतात. ही खोटी समजूत हौशी मंडळींपुरती राहिली असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण महाराष्ट्र शासनाने तिला कायद्याचे रूप दिले आहे आणि तिची किंमत दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालांवरची आणि वस्त्यांवरची मुले मोजत आहेत.

आधी कच्च्या मालाकडे पाहू. मराठी घराण्यांच्या ज्या जुन्या वंशावळी उपलब्ध आहेत, त्यांतील बहुसंख्य वतनाच्या भांडणांतून जन्मल्या. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांवर दोन भाऊबंद हक्क सांगू लागले की गोतसभा बसे, महजर होई, दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. त्यात मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, वडीलपण कोणत्या शाखेकडे, तक्षीम कशी झाली, याचा तपशील असे. आजोबांच्या स्मृतीसाठी कोणी हा खटाटोप करीत नव्हते. होळीच्या पोळीचा मान कोणाचा, विडा पहिला कोणाला, आणि मुख्य म्हणजे गावच्या उत्पन्नातला हिस्सा कोणाच्या घरी जाणार, हे ठरवायचे असे. ज्याला हिस्सा नाही त्याचा बाप लिहिण्याचे कारकुनाला प्रयोजनच नव्हते.

जमिनीचेही तेच. मिरासदाराचे कुळ थळझाड्यात लागत असे; त्याचे आडनाव थळाला चिकटे आणि पिढ्यानुपिढ्या कागदातून कागदात उतरे. त्याच गावात, त्याच काळ्या मातीत राबणारा उपरी एका हंगामाच्या कराराने शेत कसायचा. हंगाम संपला की त्याचे नाव संपले. ‘उपरी’ या शब्दातच व्यवस्थेचा निवाडा आहे: हा इथला नव्हे. वास्तविक त्याचा आजा त्याच शिवारात मेलेला असेल. पण त्याचे थळ नव्हते, म्हणून त्याचे मूळही नव्हते.

इंग्रज आले तेव्हा या व्यवहाराला अधिक शिस्त आली एवढेच. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपल्या सनदा व वंशावळी पुढे कराव्या लागल्या. पुढे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली उतरवून साधने गोळा करू लागले. त्यांच्या परिश्रमांपुढे कोणीही नतमस्तकच व्हावे. पण ती दप्तरे वाड्यांतच का सापडली? कागद टिकायला माळा लागतो, माळ्याला छप्पर लागते, आणि ते छप्पर शंभर-दोनशे वर्षे एकाच घराण्याच्या ताब्यात असावे लागते. गवताच्या झोपडीत दप्तर राहत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. महारही वतनदार होते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जात होती. महजरावर पाटलाच्या नांगराखाली बलुतेदारांच्या निशाण्या पडत होत्या. इंग्रजी अमदानीच्या वतन रजिस्टरांत महार कुळांच्या नोंदी आहेत. हे सर्व खरे. पण ते वतन म्हणजे काय होते? तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात आठही प्रहर सरकारची आणि गावाची वेठ. ते बंधन सैल करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि ते वतन नष्ट व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. दुसऱ्याच्या वंशाची आणि सीमेची साक्ष देणाऱ्याचा स्वतःचा वंश लिहिला गेला तो गुलामीच्या खात्यात, हा या आक्षेपाचा खरा अर्थ आहे.

दुसरा साठा तीर्थक्षेत्रांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील वह्या हे निःसंशय मोलाचे साधन आहे. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटाच्या वंशावळ-संस्थेने १९७० च्या दशकापासून घेतली. आपल्याकडच्या पुराभिलेखागारांना ते सुचले नाही, हा भाग वेगळा. परंतु या वह्यांत नाव चढण्यासाठी यात्रेचा खर्च आणि दक्षिणा परवडावी लागे, आणि मुळात उपाध्यायाने यजमान म्हणून स्वीकारावे लागे. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, ज्या पंढरीत मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, तेथल्या वह्या सर्व समाजाचा आरसा आहेत असे कोणी म्हणू नये.

या संदर्भात एका जमातीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक सुगीनंतर गावात येतात. त्यांच्याजवळ पिढीजात वह्या असतात. शेतकऱ्याच्या दारात बसून ते त्याच्या कुळाची वंशावळ वाचून दाखवतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे चढवतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाची वाट धरतात. शेकडो कुळांचे पूर्वज ज्यांच्या पाठीवरून आजपर्यंत आले, ती हेळवी जमात शासनाच्या यादीत भटकी जमात आहे. हेळव्याच्या मुलीने महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला की, तिच्या आजोबांच्या वास्तव्याचा १९६१ पूर्वीचा पुरावा तिलाच द्यावा लागतो. गावाची वंशावळ तिच्या घरात आहे, पण त्या वंशावळीत तिचे घर नाही.

स्त्रियांविषयी कुलवृत्तांतांचे मौन तर सर्वश्रुत आहे. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तोडायची आणि सून आली की तिच्यामागे कोणी नव्हतेच असे मानायचे, या रीतीने काढलेल्या झाडाला वृक्ष म्हणणे हे धाडसच होय. पेशवाईतल्या जमाखर्चांत कुणबिणींच्या खरेदीच्या किमती सापडतात. त्यांना झालेली मुले ‘लेकवळे’ म्हणून बाजूला टाकली गेली. कुलाभिमानाच्या संमेलनांत या पूर्वजा कोणाला आठवत नाहीत. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. मात्र जातपडताळणीच्या वेळी आजही वडिलांकडील रक्तनातेच ग्राह्य धरले जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जातीचे दाखले देणे व पडताळणे याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. पुरावा मागायचा तो ठराविक दिनांकापूर्वीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. राज्यघटनेपूर्वीचा कागद सर्वांत वजनदार. म्हणजे घटनेने ज्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी सवलत दिली, तो अन्याय झाला त्या काळातलाच कागद घेऊन या, असा हा आग्रह आहे. आजा शाळेत गेला असेल तर जनरल रजिस्टराचा उतारा आणा. तो शाळेत जाऊ शकला नाही, हेच तर मागासलेपण! जमीन असेल तर कडईपत्रक किंवा पाहणीपत्रक आणा. जमीन नव्हती, म्हणूनच ते कुटुंब भटकत होते. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदात, म्हणजे कोतवाल बुकात पाहा. पण आजा दोन गावांच्या मधल्या माळावर पालात जन्मला. कोणत्या गावचा कोतवाल त्याचे नाव लिहायला आला असता?

पारधी, कैकाडी, मांगगारुडी, भामटा या जमातींच्या पूर्वजांचा सरकारी कागद मुळीच नाही असे मात्र म्हणता येत नाही. तो पोलिसांच्या रजिस्टरात आहे. १८७१ च्या आणि त्यानंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली त्यांची नावे, ठावठिकाणे आणि पुढे बोटांचे ठसेही घेतले गेले. त्यांना पाटलापुढे किंवा ठाण्यात हजेरी द्यावी लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये राहून गिरण्यांत राबणाऱ्यांची मोजदाद चोख होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्यांना ते रजिस्टर ठेवता आले, त्यांना याच माणसांच्या मुलांचे नाव शाळेच्या पटावर ठेवता आले नाही.

श्रमिकाची नोंद ठेवणे राज्ययंत्रणेच्या शक्तीबाहेर होते, ही सबब यासाठीच टिकत नाही. तिचा सर्वांत सज्जड पुरावा मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून पाऊणशतकाच्या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटात नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि देशावरची मराठी माणसेही होती. प्रत्येकाला क्रमांक होता. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा लिहिल्या जात, पुढे छायाचित्रेही काढली गेली. ही रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत आणि त्यांच्या आधारे आज मॉरिशसचे मराठी लोक आपले मूळ गाव शोधतात. म्हणजे जो भूमिहीन मजूर जहाजावर चढला त्याच्या पणतूला पूर्वज मिळाला. त्याचा जो भाऊ गावात राहिला त्याच्या पणतूला तो मिळेलच असे नाही. मळेवाल्याने पैसे मोजून पाच वर्षांचे श्रम विकत घेतले होते, म्हणून त्या माणसाचा हिशेब ठेवणे भाग होते. फरक एवढाच. राज्यसत्तेने गरिबाला लिहून ठेवले ते भीतीपोटी किंवा खरेदीपोटी, हक्कापोटी क्वचितच.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो: पुराव्याची अट सैल केली तर बोगस दाखल्यांचा सुळसुळाट होईल. हा प्रश्न काल्पनिक नाही. खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या, म्हणूनच माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकांची पद्धत घालून द्यावी लागली. खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ टिकणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये बजावले. पडताळणी हवी याबद्दल दुमत नाही. पण बोगस दाखला काढतो कोण? ज्याच्या घरी कागद आहे, ज्याला शाळेच्या जुन्या रजिस्टरात एक शब्द कसा वाढवावा हे कळते, ज्याच्याजवळ दलालाला द्यायला पैसा आहे, तो. कागदाची परीक्षा कागदात तरबेज असलेल्याला पास करते आणि ज्याचा आजा निरक्षर होता त्याला नापास करते. खोटेपणा पकडायचा तर पालावर जावे लागेल, भाषा ऐकावी लागेल, नातेसंबंध तपासावे लागतील. दक्षता पथकाच्या गृहचौकशीची तरतूद त्यासाठीच आहे. मात्र कागद नाही म्हणून अर्जच खिडकीवरून परत गेला, तर त्या चौकशीची पाळी येणार कधी?

शासनाला हे जमत नाही, असेही आता म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली आणि कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाला. मोडी वाचणारे आणले, उर्दू जाणणारे बसवले, महसूल, शाळा, भूमी अभिलेख यांची दप्तरे धुंडाळली. लक्षावधी नोंदी हाती आल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने त्याहीपुढचे पाऊल टाकले: जमिनीचा पुरावा नसलेल्या भूमिहीन, शेतमजूर वा बटईदार मराठा अर्जदाराने, आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र दिल्यास गावपातळीवरील समितीने चौकशी करावी, असे त्यात म्हटले. त्या निर्णयाच्या गुणावगुणांचा वाद न्यायालयात गेला. तो तेथे चालेल. मराठा शेतमजुराला कागद मिळाला याबद्दल कोणाही समाजवाद्याला असूया वाटण्याचे कारण नाही. तोही उपऱ्याचाच पणतू आहे. प्रश्न असा आहे की, पूर्वज शोधून देण्याची जबाबदारी शासन एकदा स्वतःच्या शिरावर घेऊ शकते आणि गावातल्या चौकशीला एकदा पुराव्याचा दर्जा देऊ शकते, तर हे वैदू, गोपाळ, पारधी, हेळवी यांच्यासाठी का नाही? लाखोंचे मोर्चे काढण्याची ताकद त्यांच्यात नाही, याखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही.

वंशावळ मागण्याचा रोग या भूमीत जुना आहे. स्वपराक्रमाने राज्य उभे करणाऱ्या शिवछत्रपतींनाही १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी सिसोदिया कुळाशी नाते दाखवावे लागले, आणि वेदोक्ताच्या प्रकरणात शाहू छत्रपतींना पुन्हा तोच जाच सोसावा लागला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त शूद्रातिशूद्रांना बळीराजा हा पूर्वज दिला तो सनद पाहून नव्हे. परंतु बळीराजाचा उतारा तहसील कचेरीत मिळत नाही, आणि मुलीच्या प्रवेशाची मुदत तर टळत असते.

तेव्हा मागणी नेमकी काय करायची हे ठरले पाहिजे. ज्या जमातींची नोंद ठेवण्यात शासन स्वतः कसूरदार ठरले आहे, त्यांच्यापुरता कलम ८ चा भार उलटवावा; दावा खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पडताळणी यंत्रणेवर असावी. गृहचौकशी अर्जदाराच्या मागणीवरून आणि ठराविक मुदतीत व्हावी. आईकडील रक्तनात्याचा पुरावा निदान वास्तव्यासाठी तरी ग्राह्य धरावा. सेटलमेंटची आणि गुन्हेगार जमातींची जुनी रजिस्टरे पुराभिलेखागारात नीट लावून, ती बदनामीसाठी नव्हे तर दाखल्यासाठी विनाशुल्क उपलब्ध करावीत. यात एक धोका ओळखून ठेवायला हवा. कागद नसेल तर जातीच्या पंचाचे पत्र आणा, असा सोपा मार्ग एखादा अधिकारी सुचवील. तो ठामपणे नाकारावा. बहिष्कार घालणाऱ्या पंचायतींविरुद्ध २०१६ चा कायदा करून घ्यायचा आणि मागल्या दाराने त्यांच्याच हाती मुलांचे भवितव्य सोपवायचे, हे चालणार नाही.

आणि कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यात दोनचार पालांवर, वस्त्यांवर ऐंशीच्या घरातले एखादे म्हातारे, एखादी म्हातारी अजून आहे. १९६१ पूर्वी आपला तांडा कोणत्या जत्रेला उतरत असे, कोणत्या पाटलाच्या बांधावर मुक्काम पडे, कोण कोठे जन्मले आणि कोठे पुरले, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते लिहून घ्यावे, त्यावर प्रतिज्ञापत्र करावे, ज्या गावांची नावे येतील तेथल्या शाळेची आणि तहसिलीची रजिस्टरे पाहावीत. कोतवाल बुकांना वाळवी लागली आहे, पाने हात लावताच तुटतात. प्रमाणित नकलांचे अर्ज उन्हाळ्यातच टाकले तर जूनमध्ये मुलांची धावपळ होणार नाही. मोडी वाचणारी माणसे कुलवृत्तांत मंडळांकडे आहेत. त्यांतल्या निवृत्त गृहस्थांना आठवड्यातून एक दिवस तहसील कचेरीत येऊन बसण्याची विनंती करावी. बरेचजण आनंदाने येतील.